प्रोसेसर बदलायला निघालात? आधी हे बघा

नवं ग्राफिक्स कार्ड घातलं, गेममध्ये फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढल्या नाहीत, म्हणून प्रोसेसर घ्यायला लगेच पुण्याची तपकीर गल्ली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, गाठू नका. आधी घरी एक संध्याकाळ काढा. गुरुवार टाळा, देखभालीसाठी लाइट गेली की बसा.

मॉनिटरची केबल कार्डालाच लावलीय ना? ड्रायव्हर ताजा आहे ना? पुढे चला.

व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग, बंद करा. गेममध्ये करा आणि एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्येही बघा, तिथे सक्तीने चालू असेल तर गेममधलं बटण शोभेपुरतं. रिव्हाट्यूनर या सॉफ्टवेअरमध्ये कधीतरी घातलेलं फ्रेम लिमिटही काढा. ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर व्ही-सिंक चालू राहिला की कार्ड ६० फ्रेम काढून स्वस्थ बसतं, वापर निम्मा दिसतो आणि आळ प्रोसेसरवर येतो. मागच्या खेपेला मी नेमकं हेच बघितलं नव्हतं. तेव्हा पुन्हा सांगतो, व्ही-सिंक.

मग आफ्टरबर्नर लावा, हे कार्ड-प्रोसेसरचा वापर दाखवणारं सॉफ्टवेअर. प्रोसेसरच्या एकूण टक्क्यांवर जाऊ नका. बारा थ्रेडपैकी (प्रोसेसरच्या कामाच्या रांगांपैकी) एक पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के, आणि गेम बहुधा त्या एकावरच अडलेला असतो. शिवाय विंडोज काम या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत राहतं, त्यामुळे एकही कोअर शंभरावर दिसेलच असं नाही. खरा पुरावा कार्डाचा वापर. कसलीही मर्यादा नसताना (व्ही-सिंक!) तो सतत ९५ टक्क्यांच्या बराच खाली राहिला, तर प्रोसेसरवरचा संशय रास्त.

तरी थांबा. रॅमची एकच कांडी आहे का? तीही वेग अडवते. एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) बंद असेल तर ३२०० ची रॅम बऱ्याचदा २१३३ वर रखडते. कूलरमध्ये धूळ किती? एप्रिल-मेमध्ये कूलरखालची थर्मल पेस्ट वाळलेला प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. तिथे नवा प्रोसेसर नको, ब्रश आणि पेस्ट पुरे.

आता खरी परीक्षा. गर्दीची एकच जागा निवडा, रिझोल्यूशन आधी १०८०पी, मग ७२०पी. डीएलएसएस, फ्रेम जनरेशन (कार्डाच्या फ्रेम वाढवायच्या युक्त्या) बंद. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर अडवतोय, उडी मारली तर कार्ड. ग्राफिक्सचा प्रीसेट (लो, हाय वगैरे) बदलला की काही गेम व्ही-सिंक गुपचूप परत चालू करतात. बघा म्हणजे बघाच.

खरेदी. बी४५० बोर्ड असेल तर रायझन ५ ५६०० चालेल, पण बोर्डाचं बायोस (त्यातलं मूळ सॉफ्टवेअर) जुना प्रोसेसर काढण्याआधी अपडेट करा. इंटेल सातव्या पिढीवाल्यांनो, आठवीचा सॉकेट तसाच दिसतो, पण तिचा प्रोसेसर तुमच्या बोर्डावर चालत नाही. बोर्डही घ्यावा लागेल. बिल घ्या. बोर्डाच्या सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण फेकू नका, वॉरंटीत मागतात.