नागपुरात क्लाइंबिंग पार्टनर मिळत नव्हता, शेवटी असा मिळाला

पुण्याहून नागपूरला बदली झाली आणि दोर आठ महिने माळ्यावर पडून राहिला. इथे सपाटी, सह्याद्रीसारखा कडा नाही. ट्रेकवाल्या दोनतीन ग्रुपात विचारलं, सगळे चिखलदऱ्याला फिरायला जाणारे. जुन्या दगडखाणीतही जाऊन बघितलं, पण सुरुंगाने तिथला दगड खिळखिळा झालेला, हात लावताच ढलपा निघाला, तिकडे जाऊच नका. जाम वैताग आला.

मग उलटं केलं. क्लाइंबर शोधणं बंद, अंबाझरीला सकाळी धावणाऱ्यांना पकडलं, त्यातले दोघं तयार झाले. आधी चार रविवार फक्त जमिनीवर: हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) घालणं, फिगर ऑफ एट म्हणजे आठच्या आकड्यासारखी गाठ, मग बिले, म्हणजे खालून दोर धरणं, आणि ब्रेकचा, म्हणजे दोर अडवणारा हात दोरावरून कधीच न सोडणं. झाडावरून दोर घेऊन मी मुद्दाम लटकायचो आणि दोघांनी आळीपाळीने मला धरायचं, उरलेल्याने मागून तोच दोर धरून ठेवायचा. "काहून घाबरून रायला बे, धरला ना मी," हे ऐकल्यावरच दगडाकडे निघालो.

दगड म्हणजे ओळखीच्या शेतातल्या पुरुषभर उंच शिळा, शेतमालकाला विचारून, खाली गादी टाकून. दोराचं काम वर्षातून दोनदा पुण्याला गेलो की सह्याद्रीत. मध्य प्रदेशात पचमढीला गेलात, तर तिथला वाळूचा दगड पावसानंतर ओला असेल तर चढू नका, पकड तुटते. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीच, मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, दगडाला हात लावून दाखवा.