सकाळी डिझेल गाडी सुरू होऊन लगेच बंद? डिझेल फिल्टरमधली हवा

रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू होऊन लगेच बंद पडायची, मग लांब सेल्फ. दिवसा तक्रार नाही. बॅटरी, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना तापवणारे), नवा फिल्टर, सगळं झालं. जीव मेटाकुटीला आला.

शेवटी फिल्टरपुढे पारदर्शक डिझेल नळी जोडली आणि बुडबुडे दिसले. इथे पंप डिझेल ओढतो, त्यामुळे बाहेर थेंबही न दिसता हवा आत शिरते.

फिल्टरमधलं पाणी काढायच्या बोल्टची ओ-रिंग (गोल रबरी रिंग) चपटी झाली होती. इंजिन थंड असताना बोल्ट काढला, खाच पुसली, त्याच मापाची नायट्राइल (डिझेल सोसणारं रबर) रिंग डिझेलने ओली करून बसवली, बोल्ट हातानेच आवळला. मग एअर स्क्रू (हवा बाहेर सोडायचा) सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हँड प्रायमर (डिझेल भरायचा हातपंप) मारला, दाबून धरूनच स्क्रू आवळला. टेफ्लॉन टेप मात्र नकोच, तुकडे इंधनात जातात.