गोठलेल्या नदीवरून स्नोमोबाईल नेताना

अलास्कातला डेनाली हायवे पॅक्सन ते कँटवेल असा २१७ किलोमीटरचा. हिवाळ्यात त्यावरचा बर्फ कोणी काढत नाही, त्यामुळे तो स्नोमोबाईलवाल्यांचा होतो. बर्फावर चालणाऱ्या या गाडीला तिकडे 'स्नोमशीन' म्हणतात. रस्त्यावर मॅकलारेन आणि सुसिटना नद्यांना पूल आहेत. पण खरी मजा हिमनद्यांकडे चढणाऱ्या खोऱ्यांत, आणि तिथे नदीचं पात्र हीच वाट. तिघं-चौघं तरी जा, शक्यतो मार्चमध्ये: दिवस बारा तासांचा असतो आणि बर्फ अजून पक्का.

आधी पेट्रोल. दाबलेल्या वाटेवर गाडी लिटरला पाच किलोमीटर देते असं धरा, भुसभुशीत बर्फात तीन. म्हणजे तेच २१७ किलोमीटर ४३ लिटरमध्येही होतात आणि ७२ मध्येही. हिशेब दुसऱ्या आकड्याने करा. टाकी ४० लिटरची असेल तर २० लिटरचे दोन कॅन मागे बांधा. सोबत टू-स्ट्रोक ऑइल, स्पार्क प्लग आणि जादा ड्राइव्ह बेल्ट. बेल्ट बदलायचा सराव घरी करा. तुटलेल्या बेल्टचे धागे क्लचमध्ये अडकून राहिले तर नवाही लगेच जातो.

नदीकाठी सगळ्यांनी थांबायचं. एकाने उतरून हातगिरमिटाने भोक पाडायचं. स्वच्छ, निळसर बर्फ किमान १५ सेंटिमीटर हवा. दुधाळ पांढरा बर्फ निम्म्या ताकदीचा, तिथे ३०. एका भोकावर विसंबू नका, कारण प्रवाह बर्फाला खालून खात असतो. बाहेरचं वळण, दोन प्रवाहांचा संगम, तळ्याचं तोंड, पुलाखालची जागा इथे बर्फ हमखास पातळ. ओलांडताना एका वेळी एकच गाडी. गळ्यात बर्फाचे टोचे असू द्या: पाण्यात पडलात तर ते कडेला रोवून, पाय मारत, पोटावर सरपटत बाहेर यायचं, आणि बाहेर आल्यावरही लगेच उभं राहायचं नाही.

त्याहून जास्त वेळा गाठ पडते ती ओव्हरफ्लोशी. खाली कोंडलेलं पाणी फटींतून बर्फावर येतं, आणि वरचा भुसभुशीत थर गोधडीसारखा ते गोठू देत नाही. बर्फ राखाडी किंवा किंचित खचलेला दिसला की ओळखा. अडकलातच तर थ्रॉटल सोडू नका, एकसारखा वेग ठेवून कोरड्या बर्फावर या. मागच्यांनी त्याच चाकोरीतून येऊ नये, ती आता लगद्याची झालेली असते.

उघड्या, कडक बर्फावर इंजिन तापतं. ट्रॅकने, म्हणजे गाडीखालच्या फिरत्या पट्ट्याने, उडवलेल्या बर्फावरच ते थंड होत असतं, तिथे उडायला काही नसतं. स्क्रॅचर, म्हणजे बर्फ खरवडून उडवणारे दांडे, खाली सोडा. साध्या प्रकारचे असतील तर रिव्हर्सपूर्वी वर घ्या, नाहीतर मोडतात.

खोऱ्यात ३० अंशांहून तीव्र उतार दिसला की हिमस्खलनाचा विचार आधी. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर. गाडीला बांधलेलं फावडं गाडीबरोबर गाडलं जातं. उतारावर एकच जण, बाकीचे लांब सपाटीवर. अडकलेल्याच्या मदतीला दुसरी गाडी वर नेणं ही नेहमीची चूक: दोन गाड्यांचं वजन, आणि वर गाडले जाणारे दोघं.

मुक्कामाला पोचल्यावर आधी गाडी कुशीवर कलवून ट्रॅकमधला लगदा लाथेने झाडा, मग ट्रॅकखाली स्प्रूसच्या फांद्या घालून उभी करा. नाहीतर सकाळी ट्रॅक जमिनीला चिकटलेला असतो. पाण्याची बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, म्हणजे बूच मोकळं राहतं.