गिळण्याची हलती क्ष-किरण चित्रे घेताना या चुका टाळा

पक्षाघातानंतर पाणी पिताना वारंवार ठसका लागणाऱ्या रुग्णाला आपण क्ष-किरण यंत्रासमोर बसवतो, तेव्हा घोट घशातून अन्ननलिकेत उतरायला जेमतेम एक सेकंद लागतो आणि सगळी तपासणी त्या एका सेकंदावर अवलंबून असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील एखाद्या गावातून आलेल्या माणसाला फसलेल्या तपासणीसाठी पुन्हा बोलावणे म्हणजे त्याचा आणि घरच्यांचा आणखी एक दिवस मोडणे होय.

सर्वांत घातक चूक चांगल्या हेतूने होते. किरणांची मात्रा कमी राहावी म्हणून तंत्रज्ञ चित्रांचा वेग सेकंदाला ४ वर आणतात. हाड बसवताना सी-आर्मवर (शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या फिरत्या क्ष-किरण यंत्रावर) तेवढा वेग पुष्कळदा पुरतो. पण गिळताना दोन चित्रांमधल्या पाव सेकंदात घोटाचा अंश स्वरयंत्रात शिरून परतही येऊ शकतो, आणि अहवालात मात्र सारे ठीक असल्याची नोंद होते. या तपासणीत सेकंदाला ३० चित्रे घ्यावीत. मात्रा वाचवायची ती इतर मार्गांनी वाचवावी: घोट तोंडात असतानाच पेडल दाबावे, तो उतरताच पाय काढावा, किरणांचे क्षेत्र ओठांपासून मानेपर्यंतच आवळावे, चित्रग्राहक (किरण टिपून चित्र उमटवणारा भाग) रुग्णाच्या शक्य तितका जवळ आणावा आणि चर्चा करायची ती पडद्यावर थांबलेल्या शेवटच्या चित्रावर करावी. रुग्णाला भरवणाऱ्या व्यक्तीने शिशाचा एप्रन घालावा आणि घोट दिल्यावर मागे सरावे, कारण अंतर दुप्पट झाले की विखुरलेल्या किरणांची मात्रा साधारण चौथाईवर येते.

दुसरी चूक बेरियमची, म्हणजे घोट क्ष-किरणांत उठून दिसावा म्हणून त्यात मिसळायच्या पांढऱ्या भुकटीची. सगळ्यांना एकाच दाटपणाचे मिश्रण पाजले, तर रुग्ण घरी काय निभावेल हे कळत नाही. पाण्यासारखे पातळ मिश्रण आणि दाट मिश्रण अशी दोन्ही द्यावीत; उकड्या तांदळाची पेज हेच ज्याचे रोजचे जेवण, त्याला पेजेतही बेरियम कालवून द्यावे, मात्र भुकटीने पेज घट्ट होते हे ध्यानात ठेवावे. सुरुवात चमचाभर मात्रेनेच करावी. अन्ननलिकेला छिद्र पडल्याची शंका असेल, तर बेरियम देऊ नये. घशात माशाचा काटा अडकल्याची तक्रार असेल तेव्हाही ते टाळावे, कारण पांढऱ्या लेपामुळे दुर्बिणीतून काटा शोधणे अवघड होते.

मॉनिटरवरचे दृश्य मोबाइलने टिपण्याची सवय मला विशेष खटकते. मॉनिटरचा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याचा वेग जुळत नाही, आडवे पट्टे उमटतात, काही चित्रे गळतात आणि रुग्णाची ओळख खासगी फोनमध्ये राहते. यंत्रातूनच मूळ वेगाने नोंद साठवावी. पुढे संशोधनासाठी मोजमाप करायचे असेल, तर ज्ञात व्यासाची धातूची गोळी हनुवटीखाली चिकटवावी; ती नसेल तर कंठास्थी (गिळताना वर सरकणारे, जिभेच्या मुळाशी असलेले हाड) किती मिलिमीटर वर गेले हे नंतर खात्रीने सांगता येत नाही.

पावसाळ्यात दमट हवेने बेरियमच्या भुकटीचे गोळे होतात, म्हणून डबा घट्ट मिटावा. एप्रन घडी घालून न ठेवता टांगावा. घडीवर आतल्या थराला तडे जातात. ते बाहेरून दिसत नाहीत, क्ष-किरणांखाली तपासल्यावरच उमगतात.