रिडेव्हलपमेंटला निघालात? आधी रस्ता मोजा, टक्के नंतर (आम्ही केलेल्या चुका तुम्ही टाळा)

आमच्या बिल्डिंगची रिडेव्हलपमेंटची पहिली मीटिंग गच्चीवर झाली, चहा, खारी, आणि विषय एकच, नवीन घरात जुन्यापेक्षा किती टक्के जास्त जागा मिळणार. शेजारच्या सोसायटीला 40 मिळाले ना, मग आपल्याला 45 पाहिजेत, आपण स्टेशनला जवळ. एका बिल्डरने 48 लिहून दिले तेव्हा तर पेढे वाटले गेले. आठ महिन्यांनी तोच माणूस येऊन सांगतो की प्रोजेक्ट बसतच नाहीये, तुमचा रस्ता कागदावर साडेसात मीटरचा आहे. तीस वर्षं त्या रस्त्यावरून भाजी आणतोय आम्ही, एकानेही टेप लावून बघितला नव्हता. मी पण नाही, आणि मी कमिटीत होतो.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. टक्के बिल्डर देत नाही, प्लॉट देतो.

मुंबईत डीसीपीआर 2034 (बांधकामाचे नियम) लागू आहे, त्यात उपनगरात बेस एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) 1 आणि शहर भागात 1.33. त्याच्यावर प्रीमियम (जादा बांधकामाचं शुल्क) भरून किती आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क) विकत घेऊन किती, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. उपनगरात रस्ता 9 मीटरच्या आत असेल तर तक्त्यात वरचं काहीच नाही, 1 म्हणजे 1. रस्ता 9 मीटर झाला की अर्धा प्रीमियमचा, अर्धा टीडीआरचा, असे एकूण 2. पुढे रस्ता रुंद होत जातो तसा आकडा वाढत अडीचपर्यंत जातो. याच्यावर 35 टक्के फंजिबल (आणखी वाढीव बांधकाम), जुन्या मेंबरांच्या हिश्श्यापुरता तो बिनपैशाचा, बाकीच्यावर बिल्डर प्रीमियम भरतो.

आता ढोबळ हिशोब बघा. प्लॉट 1000 चौरस मीटर, 20 जुने फ्लॅट, सगळे मिळून समजा 1000 चौरस मीटर बांधकाम. रस्ता 9 मीटर असेल तर 2000 अधिक 35 टक्के म्हणजे 2700. मेंबरांना 30 टक्के जास्त दिलं तर त्यांचे गेले 1300, विकायला उरले 1400, बिल्डर हसत येईल. तोच प्लॉट साडेसात मीटरच्या रस्त्यावर टाका, 1000 अधिक 350, झाले 1350. मेंबरांचे 1300 गेले की उरले 50. पन्नास चौरस मीटर विकून कोण तुमची बिल्डिंग बांधून देणार सांगा. (तीस वर्षं झालेल्या सोसायट्यांना डीसीपीआरच्या 33(7)(ब) नियमाखाली जुन्या बांधकामाच्या 15 टक्के किंवा घरटी 10 चौरस मीटर, जे जास्त असेल ते वाढीव मिळतं, त्याने थोडं हलतं, पण गणित उलटं होत नाही.)

म्हणून टेंडर काढायच्या आधी महापालिकेतून डीपी रिमार्क (विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटबद्दल काय आहे त्याचा दाखला) घ्या. मुंबईत तो ऑनलाइन मिळतो, पुण्याकडे झोन दाखला म्हणतात. त्यात रस्त्याची मंजूर रुंदी असते, तुमच्या प्लॉटवर कसलं आरक्षण आहे का ते असतं, सेटबॅकमध्ये, म्हणजे रस्त्यासाठी सोडण्यात, किती जागा जाणार ते कळतं. डोळ्याला दिसणारा रस्ता आणि कागदावरचा रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या गल्लीत नंतर 9 मीटरची रेग्युलर लाइन मंजूर झाली, म्हणजे दोन्ही बाजूच्या सोसायट्यांनी पुढची जागा सोडायची, त्यात समोरच्या बिल्डिंगचं पार्किंग जातं म्हणून ते भांडत बसले, आणि त्या एका रेषेला पावणेदोन वर्षं लागली.

हे फक्त मुंबईचं नाही. पुण्यात 2020 मध्ये महापालिकेच्या स्थायी समितीने सहा मीटरचे 323 रस्ते नऊ मीटरचे करायचा प्रस्ताव घेतला तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. वरवर बघितलं तर रस्तारुंदी, आत सगळा खेळ टीडीआरचा. त्या रस्त्यांवरच्या जुन्या सोसायट्यांचं रिडेव्हलपमेंट त्याच्यावर अडकलेलं, आणि विरोध करणारे विचारत होते की मग हेच रस्ते का, बाकीचे का नाहीत. दोघांचंही खरं होतं असं माझं मत आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई सोडून बहुतेक राज्याला यूडीसीपीआर (बांधकामाचे एकत्रित नियम) लागू झाला, म्हणून मुंबईच्या मेव्हण्याने सांगितलेले आकडे पुण्या-नाशकात वापरू नका, फसाल.

आणि उंची. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला असल्या भागात विमानतळाचा फनेल झोन (विमानांच्या वाटेखालचा पट्टा), एफएसआय आहे पण वर जाता येत नाही. समुद्र-खाडीजवळ सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध). दोन्ही आधी तपासायच्या गोष्टी, नंतर कळल्या की फक्त डोकेदुखी.

जमीन कुणाची, हे गृहीत धरणं

कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालाय का? अर्ध्या सोसायट्यांचं उत्तर "झाला असेल". प्रॉपर्टी कार्ड काढा, त्यावर अजून मूळ मालकाचं किंवा जुन्या बिल्डरचं नाव असेल तर आधी डीम्ड कन्व्हेयन्स (मालकाच्या सहीशिवाय, सरकारी आदेशाने होणारा). कार्डावरचं क्षेत्रफळ आणि जागेवर मोजलेलं क्षेत्रफळ जुळतं का तेही बघा, चाळीस चौरस मीटरचा फरक आला तरी तो वरच्या हिशोबात गुणाकार होऊन येतो.

म्हाडा कॉलनीवाल्यांची वेगळी गंमत. टागोर नगर, कन्नमवार नगर, पंतनगर, इथे लोक वॉर्ड ऑफिसला चकरा मारतात, आणि तिथून कळतं की 2018 पासून म्हाडाच्या लेआउटमध्ये नकाशे मंजूर करायचा अधिकार म्हाडाकडेच आहे. तिथे नियम 33(5) चा, एफएसआय जास्त, पण त्या बदल्यात म्हाडाला प्रीमियम तरी द्यायचा नाहीतर घरं तरी. बिल्डरला प्रीमियम भरणं सोपं पडतं. स्वस्त घरं कमी का होतात याचं एक उत्तर इथे आहे.

स्वस्त घरांवरून आठवलं. मुंबईबाहेर दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत 4000 चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवर प्रोजेक्ट आला की 20 टक्के घरं अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात, ती म्हाडाच्या लॉटरीत येतात. शेजारी असा प्रोजेक्ट आला की आपल्याकडचे ग्रुप पेटतात, "आपले रेट पडतील". मला हे ऐकून हसू येतं, कारण त्याच ग्रुपमधल्या निम्म्या लोकांची पोरं त्याच लॉटरीचे फॉर्म भरत असतात. भरणाऱ्यांनी एवढं बघा की या 20 टक्क्यांत म्हाडा फक्त सोडत काढते, घर विकतो बिल्डर, त्यामुळे महारेराचा (बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबर, मेंटेनन्स, पार्किंग हे सगळं त्याच्याकडून लेखी घ्यायचं. नंतर म्हाडाकडे जाऊन रडून उपयोग नाही.

मीटिंग घरगुती पद्धतीने उरकणं

सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खाली 4 जुलै 2019 चा जीआर आहे, तो कमिटीतल्या एकाने तरी पूर्ण वाचा. बिल्डर निवडायच्या सभेला दोन तृतीयांश मेंबर हजर लागतात, उपनिबंधकांचा अधिकारी लागतो, व्हिडिओ शूटिंग लागतं, आणि एकूण मेंबरांच्या 51 टक्क्यांची मंजुरी. हजर असलेल्यांच्या नाही, एकूण मेंबरांच्या. आम्ही पहिल्या वेळी हजर असलेले मोजले आणि सभा परत घ्यावी लागली, अमेरिकेतल्या दोघांना रात्री उठवून विनवण्या करायला लागल्या ते वेगळंच. आणि हो, म्हाडाच्या कायद्यातही एक 79अ आहे, धोकादायक सेस (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या नोटिशीचा, त्याची बातमी फॉरवर्ड झाली की आमच्याकडचे काका दरवेळी घाबरतात. त्याचा आपल्या साध्या सोसायटीशी संबंध नाही.

कार्पेट म्हणजे कुठला कार्पेट

हे भांडण सगळीकडे होतं. रेरा कायद्याच्या कार्पेटमध्ये (घराच्या आतल्या क्षेत्रफळात) आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. तुमच्या 1985 च्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये बिल्टअप (बाहेरच्या भिंतींसकट) लिहिलेलं असतं. आता "30 टक्के जास्त" कशावर? बिल्डर जुनं मोजताना एक पट्टी लावतो, नवीन देताना दुसरी. बिल्डिंग पाडायच्या आधी प्रत्येक फ्लॅट आर्किटेक्टकडून मोजून घ्या, मेंबरच्या सहीसकट, आणि तोच तक्ता डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटला जोडा. पाडल्यावर मोजायला काही उरत नाही.

घर रिकामं करायची घाई

पूर्ण प्लॅनची मंजुरी, बँक गॅरंटी (बिल्डरने काम सोडलं तर बँकेने पैसे द्यायची हमी), भाड्याचे चेक आणि प्रत्येकाचं वैयक्तिक रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट, हे हातात नसताना चावी देऊ नका. 79अ च्या जीआरमध्ये प्रोजेक्ट खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी आहे, बिल्डर सगळ्यात जास्त घासाघीस यावरच करतात, "त्याऐवजी दोन फ्लॅट लिहून देतो" वगैरे. जे फ्लॅट अजून बांधलेच नाहीत त्यांची गॅरंटी. गोरेगावच्या पत्राचाळीत 672 कुटुंबं होती, 2008 ला करार, भाडं मध्येच बंद, आणि लोक दहा वर्षांहून जास्त बाहेर. महारेरा बघून घेईल असंही धरून चालू नका, तो मुख्यतः विक्रीचे फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आहे.

टॅक्सची एक चांगली बातमी पण आहे, वैयक्तिक अ‍ॅग्रीमेंटवर परत पूर्ण स्टॅम्प ड्युटी लागत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलंय. जास्तीची जागा पैसे देऊन घेतली तर त्यावर मात्र भरायची. कुणी याच्या नावाने सरसकट लाखभर मागत असेल तर आधी वकिलाला विचारा.

बिल्डर नकोच असेल तर स्वयंपुनर्विकास (सोसायटीने स्वतःच बांधून घेणं) आहे, 2019 चा जीआर आहे, मुंबई जिल्हा मध्यवर्ती बँक कर्ज देते. पण त्याला रोज साइटवर उभं राहणारे दोन-तीन रिटायर्ड मेंबर लागतात, आमच्याकडे एकच होते, ते मुलाकडे पुण्याला गेले.

आमचं आता 9 मीटरवर गणित बसलंय, 28 टक्क्यांवर. पेढे अजून कुणी आणलेले नाहीत, गॅरंटीचा कागद आल्यावर बघू म्हणालेत सेक्रेटरी.