आमदारांच्या मुदती टप्प्याटप्प्याने संपाव्यात यासाठी घटनादुरुस्तीचा मसुदा कसा लिहावा

मी सोलापुरात राज्यशास्त्र शिकवते. युवा संसदेच्या तयारीत मुलं एक प्रश्न हटकून काढतात: सगळे २८८ आमदार एकदमच का बदलायचे? निम्मे आज आणि निम्मे दोन वर्षांनी निवडले तर सभागृहात जाणती माणसं राहतील, आणि मतदाराला कौल द्यायला पाच वर्षं थांबावं लागणार नाही. मला हे मनापासून पटतं. म्हणूनच मसुदा कच्चा राहू नये असं वाटतं.

आधी राज्यघटनेचं कलम १७२ उघडून समोर ठेवा. खंड (१) मध्ये पाच वर्षांची मुदत आहे ती विधानसभेची. आमदाराची स्वतंत्र मुदत त्यात नाहीच. तुम्हाला ती लिहायची आहे. नमुना खंड (२) मध्ये मिळतो: विधान परिषद विसर्जित होत नाही आणि तिचे जवळपास एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात.

मग मुदत ठरवा. पाचाचे दोन सारखे भाग पडत नाहीत. सहा वर्षं केली तर ९६-९६ चे तीन गट छान बसतात, पण सहा वर्षं मला नको वाटतात. आणीबाणीत ४२व्या दुरुस्तीने ती केली होती, ४४व्या दुरुस्तीने पुन्हा पाचावर आणली. चार वर्षं आणि १४४ चे दोन गट, हे मी सुचवते.

आता खरी अडचण पहिल्या खेपेची. सगळे एकाच वेळी निवडून येणार, मग दोनच वर्षांत घरी कोणी जायचं? बहुतेक मसुदे इथे ‘निवडणुकीनंतर चिठ्ठ्या काढाव्यात’ असं लिहून मोकळे होतात. तसं करू नका. चिठ्ठी मतदानाआधी, मतदारसंघाच्या नावाने काढा. आपण मत दोन वर्षांसाठी देतोय की चार, हे मतदाराला आधी कळलं पाहिजे. महापालिकेच्या आरक्षण सोडतीत लहान मुलांच्या हातून चिठ्ठ्या निघतात, तशीच ही सोडत निवडणूक आयोगाने उघडपणे काढावी. प्रत्येक जिल्हा दोन्ही गटांत विभागला जाईल, अशी अटही घाला. सोलापूर जिल्ह्यात ११ मतदारसंघ आहेत, म्हणजे सहा आणि पाच. मोहोळ आणि माळशिरस हे दोन्ही अनुसूचित जातींसाठी राखीव, ते वेगवेगळ्या गटांत जायला हवेत. राज्यभरच्या २९ अनुसूचित जाती आणि २५ अनुसूचित जमातींच्या जागांचीही अशीच वाटणी करा.

यानंतर विसर्जन. मुलं अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचा दाखला देतात: एकच सभागृह, ४९ सदस्य, चार वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी निम्म्या जागा. दाखला खरा आहे, पण तिथलं सरकार सभागृहाच्या विश्वासावर टिकत नाही. आपल्याकडे कलम १६४ प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार आहे आणि कलम १७४ प्रमाणे विधानसभा विसर्जित होऊ शकते. विसर्जन झालं की टप्पे मोडले. ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये दोन्ही सभागृहं विसर्जित झाली, तेव्हा सहा वर्षं कोणाला आणि तीन कोणाला, हे नव्या सिनेटनेच, म्हणजे वरिष्ठ सभागृहानेच, ठरवलं. तो अधिकार सभागृहाकडे ठेवू नका. सरळ लिहा: ‘विसर्जनानंतरच्या सार्वत्रिक निवडणुकीत, मतदानापूर्वी, गटांची सोडत पुन्हा काढली जाईल.’ प्रत्येक टप्प्यानंतरच्या पहिल्या अधिवेशनात विश्वासदर्शक ठराव सक्तीचा करा, कारण बहुमत बदललेलं असू शकतं. अध्यक्षांचाही विचार हवा. कलम १७९ नुसार आमदारकी संपली की त्यांचं पद जातं, त्यामुळे त्यांच्या गटाची पाळी आली की खुर्ची मोकळी होणार.

पोटनिवडणुकीतून आलेल्याला उरलेलीच मुदत मिळेल, हे एका ओळीत नोंदवा. मोकळी जागा मोकळीच राहू नये म्हणूनही तरतूद करा. विधान परिषदेची सोलापूरची स्थानिक स्वराज्य संस्थांची जागा जानेवारी २०२२ मध्ये रिकामी झाली. मत देणाऱ्या बऱ्याच स्थानिक संस्थांची मुदतच संपत आली होती, म्हणून निवडणूक वेळेवर झाली नाही. टप्प्यांची पद्धत तारखांवर उभी असते, तारीख हुकली की ती कोलमडते.

तारीख निवडतानाही आपला मुलूख बघा. आषाढीला पंढरपूर नको. ऊसतोडीच्या हंगामातही नको, कारण बीडकडची तोडणी माणसं तेव्हा आपल्या फडात असतात आणि त्यांचं मत गावाकडे.

मंजुरीची वाट कलम ३६८ मधून जाते. विधानसभा फार तर ठराव करून संसदेला विनंती करू शकते. संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात. निम्म्या राज्यांची संमती ज्या तरतुदींना लागते, त्यांत १७२ नाही. पण मसुद्यात कलम १६२ ला (राज्याच्या कार्यकारी अधिकाराची व्याप्ती) हात लावलात तर ती लागेल. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडलेलं १२९वं दुरुस्ती विधेयक शेजारी ठेवून लिहा. त्याला सगळ्या निवडणुका एकत्र आणायच्या आहेत, म्हणजे तुमच्या बरोबर उलट, पण तेही १७२ मध्येच बदल सुचवतं. तिथली वाक्यरचना बघण्यासारखी आहे.

शेवटी मसुदा चालवून बघा. सांगोल्याच्या आमदाराने तिसऱ्या वर्षी राजीनामा दिला आणि पाचव्या वर्षी विधानसभा विसर्जित झाली, असं धरा. अकराही मतदारसंघांपुढे पुढच्या निवडणुकीचं वर्ष लिहा. एकाही मतदारसंघाला दोन उत्तरं निघाली, तर संक्रमणाचं, म्हणजे जुन्या पद्धतीतून टप्प्यांच्या पद्धतीत जाण्याचं, कलम पुन्हा लिहायला घ्या.