हरित रसायनशास्त्राचा प्रकल्प करताना या चुका टाळा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी हरित रसायनशास्त्रातील, म्हणजे कचरा आणि घातक पदार्थ कमीत कमी ठेवणाऱ्या रसायनशास्त्रातील, माझ्या प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर मी ‘द्रावकविरहित पद्धत’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते, आणि अभिक्रियेपुरते ते खरेही होते. बेंझाल्डिहाइड आणि ॲसिटोफिनोन सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर खलात घोटले की थोड्याच वेळात चाल्कोनचा फिकट पिवळा गोळा तयार होत असे. उपपदार्थ म्हणून केवळ पाणीच सुटत असल्यामुळे ॲटम इकॉनॉमी, म्हणजे अभिकारकांच्या वजनापैकी समीकरणानुसार हव्या त्या पदार्थात उतरणारा वाटा, ९२ टक्के भरत असे. परंतु तो गोळा विरघळवण्यासाठी आणि पुढे कॉलममधून (सिलिका भरलेल्या नळीतून) शुद्ध करण्यासाठी मिळून मी १५० मिलिलिटर इथाइल ॲसिटेट वापरले होते, आणि हाती आलेले शुद्ध चाल्कोन होते १.२ ग्रॅम. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या इथाइल ॲसिटेटचे वजन विचारले. ते सुमारे १३५ ग्रॅम होते, म्हणजे एका ग्रॅम चाल्कोनमागे निव्वळ द्रावकाचाच कचरा ११२ ग्रॅम.

आता विद्यार्थ्यांचे अहवाल वाचताना हीच चूक मला सर्वाधिक आढळते: हिशेब फ्लास्कपाशी थांबतो, शुद्धीकरणापर्यंत पोहोचतच नाही. बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ साली मांडलेली ॲटम इकॉनॉमी समीकरणावरून काढता येते, त्यासाठी प्रयोगशाळेत पाऊल टाकावे लागत नाही; रॉजर शेल्डन यांचा ई-फॅक्टर, म्हणजे एका ग्रॅम उत्पादनामागे होणारा कचरा, मात्र तराजूवरच काढावा लागतो. म्हणून धुण्यासाठी वापरलेला द्रावक, सिलिका, शोषक म्हणून घातलेले सोडियम सल्फेट यांची वजने त्याच दिवशी वहीत नोंदवावीत आणि पाणी हिशेबात धरले आहे की नाही हेही स्पष्ट लिहावे. माझ्या प्रयोगात कॉलमची गरजच नव्हती. गोळा थंड पाण्याने अल्क निघून जाईपर्यंत धुऊन, गाळून, थोड्या गरम इथेनॉलमधून त्याचे स्फटिक केले असते, तर काम भागले असते.

दुसरी चूक पाठांतराची आहे. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाच्या जुन्या सहा टप्प्यांच्या पद्धतीची ॲटम इकॉनॉमी ४० टक्के आणि नव्या तीन टप्प्यांच्या पद्धतीची ७७ टक्के, हे आकडे बहुतेकांना तोंडपाठ असतात. परंतु नव्या पद्धतीत अतिशय घातक असे हायड्रोजन फ्लोराइड वापरले जाते, हे फारच थोडे जण सांगतात. एखादी पद्धत हरित आहे असे लिहिताना कोणत्या पद्धतीच्या तुलनेत आणि कोणत्या बाबतीत, हे त्याच वाक्यात यायला हवे.

उत्प्रेरकाच्या पुनर्वापराचे आलेख मी विशेष बारकाईने पाहतो. पाचही वेळा ९५ टक्के उत्पादन दाखवणारे पाच सारख्या उंचीचे स्तंभ पाहून समाधान वाटते खरे, पण अर्ध्या तासात पूर्ण होणारी अभिक्रिया चार तास चालवली असेल, तर निम्मी ताकद गमावलेला उत्प्रेरकही तेवढेच उत्पादन देईल. अभिक्रिया साधारण निम्म्यावर असताना थांबवून प्रत्येक फेरीची तुलना करावी. तसेच मिश्रण गरम असतानाच उत्प्रेरक गाळून काढावा आणि उरलेला द्रव तापवत ठेवावा. त्यात अभिक्रिया पुढे सरकत राहिली, तर उत्प्रेरकातला धातू विरघळून द्रावणात उतरला आहे असे समजावे.

घरगुती मायक्रोवेव्हमध्ये ज्वलनशील द्रावक कदापि तापवू नयेत.

वनस्पतीपासून मिळालेला द्रावक निर्धोक असतो, हाही असाच एक गैरसमज आहे. २-मिथाइलटेट्राहायड्रोफ्युरान हा द्रावक ज्या फरफ्युरालपासून बनवता येतो, ते उसाच्या चिपाडापासून मिळते, त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हवेच्या संपर्कात त्यातही स्फोटक पेरॉक्साइडे तयार होतात. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहावी आणि ऊर्ध्वपातनाने द्रावक परत मिळवण्यापूर्वी पेरॉक्साइडची चाचणी अवश्य करावी.